सर्व्हेवाल्यांच्या ऑफिसात

बडोद्याच्या मराठी घरांमध्ये सर्व्हेचं काम केलेलं एखादं तरी माणूस निघतंच आणि त्याचं कारण ओआरजी. विक्रम साराभाईंनी १९६० मध्ये ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप सुरू केला, तेव्हापासून दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इकडची बी.कॉम., बी.एस्सी. झालेली पोरं बँकेच्या परीक्षा देता देता तिथे चिकटत गेली, कोणी वर्षभर, कोणी रिटायर होईपर्यंत. माझे एक चुलत सासरे त्यातलेच, दुकानादुकानात फिरून कुठला साबण किती खपला ते लिहून आणायचे म्हणे आणि घरात त्यावरून त्यांची भरपूर थट्टा व्हायची. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर, मुलगी होस्टेलला गेल्यावर, ट्यूशन बंद करून मी जेव्हा सांगितलं की सर्व्हेच्या ऑफिसात नोकरी बघतेय तेव्हा सासूबाईंनी पोळी लाटता लाटता विचारलं, "तू पण साबण मोजणार का?"

साबण नव्हता. ही सामाजिक धोरणांवर संशोधन करणारी एक छोटीशी संस्था, ट्रस्ट म्हणून रजिस्टर झालेली, एका जुन्या सोसायटीतल्या बंगल्यात ऑफिस, खाली पार्किंगमध्ये वजनकाट्यांची आणि उंची मोजायच्या फळ्यांची खोकी, वरती दोन खोल्यांत माणसं आणि तिसऱ्या खोलीत छतापर्यंत जुने कागदी फॉर्म. रेशन खरंच मिळतं का, अंगणवाडीत मूल रोज जातं का नुसतं नाव आहे, नरेगाचे पैसे किती दिवसांनी खात्यात येतात, आठवीनंतर मुली शाळा का सोडतात, असले विषय. नाव सांगत नाही कारण पुढे पैशांबद्दल बोलणार आहे आणि तिथल्या माणसांशी माझं आजही चांगलं आहे.

इंटरव्ह्यूला मला वाटलं डिग्री विचारतील, कॉम्प्युटर येतो का विचारतील. तर मोठ्या मॅडमनी (डायरेक्टर, अर्थशास्त्रात पीएचडी, पण ऑफिसात सगळे मोठ्या मॅडमच म्हणतात) गुजरातीतला एक फॉर्म हातात दिला आणि म्हणाल्या मोठ्याने वाचा, जसं समोरच्या बाईला विचारताय तसं. वाचला. मग म्हणाल्या आता समजा ती बाई म्हणाली मला वेळ नाही, काय कराल? मी म्हटलं, विचारेन केव्हा येऊ. बस्स, एवढ्यावर झालं. बाकी सगळा वेळ घरून परवानगी आहे का, गावात मुक्काम करायला जमेल का, संडास नसेल तिथे चालेल का, असलेच प्रश्न. माझ्याबरोबर जी बाकीची टीम घेतली ती सगळी बावीस-तेविशीतली, एमएसडब्ल्यू (समाजकार्याची डिग्री) करून आलेली, मी त्यांच्यात एकदम आत्याबाई.

ट्रेनिंग खूप दिवस चाललं आणि खरं सांगते कंटाळा आला. पण आता मागे वळून बघितलं तर तिथे शिकवलेल्या बारीक बारीक गोष्टींवरच सगळं उभं असतं. उत्तर ऐकल्यावर मान डोलवायची नाही, कारण तुम्ही मान डोलवली की बाईला कळतं तुम्हाला काय ऐकायचंय. खुर्ची दिली तरी ती खाली बसली असेल तर आपणही खाली बसायचं. नवरा किंवा सासू शेजारी येऊन बसली तर तो प्रश्न थांबवून पुढच्या भागावर जायचं, नंतर परत यायचं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून घ्यायची आणि त्यावरच्या मुलाची उंची उभं करून, कारण आडव्या-उभ्यात साधारण पाऊण सेंटिमीटरचा फरक पडतो आणि तेवढ्याने मूल खुजं आहे की नाही हा निकाल फिरू शकतो. दंडाची पट्टी लावायची, ११.५ सेंटिमीटरच्या खाली आलं तर लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण, १२.५ पर्यंत पिवळं. एकाच मुलाला आम्ही सगळ्यांनी मोजायचं आणि आकडे जुळले नाहीत की परत. ते बिचारं मूल ऑफिसच्या वॉचमनचं होतं, शेवटी शेवटी आम्हाला बघूनच रडायचं.

ट्रेनिंगमध्येच एडिटर काकांशी (म्हणजे भरलेले फॉर्म तपासणारे) ओळख झाली. काका आपले मराठी, साठी केव्हाच उलटलेली, आधी दुसरीकडे आयुष्य काढून इथे 'सल्लागार' म्हणून, म्हणजे कमी पैशांत. कागदी फॉर्मच्या जमान्यातले, हिरवं पेन खिशाला. टॅब आल्यापासून हिरव्या पेनाला काही काम उरलं नाही तरी ते रोज असायचं. चहाच्या वेळी त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं की अशा संस्था ओळखायच्या कशा. म्हणाले, पैसा कुठून येतो ते बघ. एक, ज्यांना आयसीएसएसआरचं, म्हणजे समाजविज्ञान संशोधनाच्या केंद्रीय परिषदेचं, अनुदान असतं, सुरतेचं सेंटर फॉर सोशल स्टडीज, अहमदाबादचं सरदार पटेल इन्स्टिट्यूट, तिथे प्रोफेसरांच्या मंजूर पदांवर माणसं बसतात. दोन, युनिव्हर्सिटीच्या आतले, आपल्या एम.एस. युनिव्हर्सिटीतच पॉप्युलेशन रिसर्च सेंटर आहे, केंद्राच्या आरोग्य खात्याच्या पैशावर चालतं, देशभरात अशी १८ आहेत. आणि तिसरे आपण, प्रोजेक्ट आला तर चूल पेटते. मग लगेच अभिमानाने, की आयसीएसएसआर १९६९ ला निघाली तेव्हा पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सेक्रेटरी जे. पी. नाईक, दोघंही आपली मराठी माणसं. मी विचारलं मग आपल्याला त्याचा काय फायदा? काका म्हणाले, काही नाही, पण माहिती असावी.

आमचा प्रोजेक्ट छोटा उदेपूर जिल्ह्यातला. २०१३ पर्यंत हा भाग बडोदा जिल्ह्यातच होता, १५ ऑगस्टला वेगळा झाला, तरी आम्ही बडोदेकर तिकडे संखेड्याचं फर्निचर आणायच्या पलीकडे कधी गेलेलो नसतो. विषय पाच वर्षांखालच्या मुलांचा आहार, आजार आणि अंगणवाडी. पैसा एका दिल्लीच्या मोठ्या फाउंडेशनचा.

आता इथे खरी माणूस येते ती सुपरवायझर बेन (गुजरातीत ताईला बेन). राठवा या आदिवासी समाजाची, पावी जेतपूरकडची, तिशीच्या आत, एमएसडब्ल्यू. तिला राठवी येते, गुजराती येते, आणि आमच्यात राहून 'चल गं', 'काय झालं' एवढं मराठीसुद्धा. नकाशा काढायचं काम, म्हणजे लिस्टिंग, तिच्या हाताखाली झालं. शहरात बसून वाटतं गाव म्हणजे एक वस्ती, मधे देऊळ, बाजूला घरं. तिकडे गाव म्हणजे फळियांचा, म्हणजे वाड्यांचा, समूह, एक फळियू टेकडीच्या अलीकडे, दुसरं पलीकडे, तिसऱ्याकडे जायला कोतर, म्हणजे ओढ्याची घळ, ओलांडायचं, आणि प्रत्येक घर आपापल्या शेतात. जनगणनेच्या यादीत एक ओळ, चालायला गेलं तर सकाळपासून संध्याकाळ. नियम असा की कुठलंच घर सुटता कामा नये, कोपऱ्यापासून सुरू करून उजव्या हाताने जात राहायचं, प्रत्येक दारावर खडूने नंबर टाकायचा, त्याच यादीतून मग ठराविक अंतराने घरं निवडली जातात आणि निवडलेलं घर बदलायचं नाही. शेजारचं घर उघडं आहे, बाई बोलायला तयार आहे, चहा पण ठेवलाय, तरी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण वगैरे मोठ्या सर्व्हेत पण असंच असतं, मोठं गाव असेल तर आधी त्याचे तुकडे पाडतात, मग यादी, मग एका ठिकाणची २२ घरं. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशभरात ६,३६,६९९ कुटुंबं झाली. हा आकडा आधी मी पेपरात वाचला असता तर पुढे गेले असते, आता वाचला की पहिला विचार येतो की बाप रे एवढ्या दारांवर कोणीतरी खडूने नंबर टाकलेत.

लिस्टिंग जानेवारीत ठेवलं होतं कारण फाउंडेशनला मार्चच्या आत पैसे संपवायचे होते. सुपरवायझर बेन पहिल्या मीटिंगपासून सांगत होती, मॅडम, दिवाळीनंतर आमचे लोक घरी नसतात. शेतातलं उरकलं की अर्धं गाव बांधकामावर जातं, कोणी सुरत, कोणी सौराष्ट्र, कोणी इथेच बडोद्यात, आणि होळीला परत. होळीसाठी म्हणजे कुठूनही येतात, मालक पैसे कापो नाहीतर कामावरून काढो. बरं, जाताना नवरा-बायको धाकट्या मुलाला घेऊनच जातात, मागे राहतात म्हातारे आणि शाळेतली पोरं. म्हणजे ज्या मुलांना मोजायला आम्ही चाललो होतो नेमकी तीच गावात नाहीत.

मोठ्या मॅडमना हे पटलं होतं, त्यांनी दिल्लीला मेल लिहिले, कॉल झाले, मी त्या कॉलला चहा द्यायला म्हणून आत गेले होते तर पलीकडून एक साहेब म्हणत होते की बंद घरांसाठी आपण थोडा सॅम्पल वाढवू. मॅडमनी डोक्याला हात लावला. मला तेव्हा त्यातलं फारसं कळलं नाही, काकांनी नंतर सांगितलं की दहा घरं बंद आहेत म्हणून दहा उघडी घरं जास्त घेतली तर संख्या भरते, पण जे गेलेत ते गेलेतच, आणि जे राहिलेत त्यांच्याकडे थोडी तरी जास्त जमीन आहे नाहीतर घरात कोणाची नोकरी आहे, म्हणून तर ते राहिलेत. आकडा गोड येणार.

शेवटी तडजोड झाली, बंद घरांकडे होळीच्या आठवड्यात परत जायचं, पण त्याचे पैसे वेगळे मिळणार नाहीत, आहे त्यातच बसवायचं. म्हणजे कोणाच्या खिशातून हे सांगायची गरज नाही.

दिवस असा जायचा की पहाटे बोडेलीच्या गेस्ट हाऊसमधून निघायचं, ड्रायव्हर भाईंच्या जीपमधून. हे भाई म्हणजे अजून एक प्रकरण. शाळा फार नाही झालेली, पण कुठल्या गावाचा हाट कुठल्या वारी, कुठल्या दिवशी ममता दिवस म्हणजे सगळ्या बाया अंगणवाडीत, कुठला सरपंच आधी फोन केला नाही तर रुसतो, सगळं तोंडपाठ. नवीन पोरं टॅबमध्ये लोकेशन शोधत बसायची तोवर भाईंनी गाडी फळियाच्या तोंडाशी लावलेली असायची. हाटाच्या दिवशी सकाळी घरं करायची नाहीत, दुपारी बाया परत येतात तेव्हा जायचं, हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही, त्यांनी सांगितलं.

सगळ्यात वेळ वयात जायचा. तारीख कोणाला पाठ नसते, धाकट्याचं ममता कार्ड (आई-बाळाच्या आरोग्याचं) असेल तर ठीक, त्यावर असते, पण कार्ड पत्र्याच्या पेटीत, पेटीची किल्ली नवऱ्याकडे आणि नवरा राजकोटला. मग आमच्याकडे एक घटनांचं कॅलेंडर असतं ते काढायचं. भूजचा भूकंप झाला (२६ जानेवारी २००१) तेव्हा तू केवढी होतीस, शाळेत जायचीस की काखेत होतीस? नोटबंदी झाली तेव्हा लग्न झालं होतं? कवांटकडच्या एका घरी बाई चुलीवर मक्याचे रोटले थापत होती, मागच्या भिंतीवर पिठोरा काढलेला, रांगेने घोडेच घोडे, आणि मी मुलाचं वय विचारतेय. ती म्हणाली लॉकडाऊनमध्ये सुरतेहून चालत आलो तेव्हा नुकताच पोटात राहिला होता, जन्मला तेव्हा तुवर काढायला आली होती. एवढ्यावरून मी डिसेंबर २०२० किंवा जानेवारी २०२१ असं धरलं, मग तिच्या जावेला बोलावलं, तिचा मुलगा याच्याहून उत्तरायणाच्या आधीचा की नंतरचा, असं करत करत महिन्यापर्यंत आलो. मग मुलाला तोलायचं. ते काट्यावर उभं राहीना म्हणून आधी आई उभी राहिली, काटा शून्यावर आणला, मग मूल तिच्या हातात दिलं, तर काटा मुलाचंच वजन दाखवतो. ती बाई त्या आकड्याकडे कितीतरी वेळ बघत होती, मग मला विचारते, बेन, एटलूज? (एवढंच?) मी काहीच बोलले नाही, बोलायची परवानगीच नसते, अंगणवाडी सेविकेकडे पाठवायची चिठ्ठी दिली. रोटला मात्र खाऊन आले, तो नाही म्हणता येत नाही, नियमात काहीही लिहिलेलं असो.

संध्याकाळी गेस्ट हाऊसला आल्यावर टॅब सिंक करायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. बडोद्यात बसून हा माणूस आमचं सगळं बघायचा. आता हे मी सविस्तर सांगते कारण बाहेर कोणाला माहिती नसतं. टॅबवर प्रश्न असे लावलेले असतात की बाई 'हो' म्हणाली की खाली आणखी प्रश्न उघडतात, 'नाही' म्हणाली की सरळ पुढे. मुलाला गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झाले का? हो म्हटलं की किती दिवस, ओआरएस दिलं का, कुठे नेलं, काय खर्च आला. सुरुवातीला सगळे नीट विचारतात, मग दिवस जातात तसं ऊन, भूक, घरची आठवण, आणि नकळत प्रश्न असा विचारला जातो की उत्तर 'नाही'च यावं, "जुलाब बिलाब काही नाही ना?" काका प्रत्येकाचे 'हो' मोजायचे. पहिल्या आठवड्यात तुझे इतके आणि आता इतके, गाव बरं झालं का?

दुसरी युक्ती त्याहून भारी. मुलांच्या आजाराचे प्रश्न फक्त पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी. म्हणजे चार वर्षं दहा महिन्यांचं मूल असेल तर बराच वेळ काम, आणि तेच पाच वर्षं दोन महिन्यांचं लिहिलं तर चहा प्यायला मोकळे. जन्मतारीख नसतेच, कोण बघतंय? काका बघतात. प्रत्येकाने नोंदवलेल्या मुलांचा वयाप्रमाणे आलेख काढतात, आणि एखाद्याच्या आलेखात चौथ्या वर्षाला खड्डा आणि पाचव्याला टेकाड दिसलं की समजायचं. मोठमोठ्या सर्व्हेत, परदेशातसुद्धा, हा रोग आहे म्हणे आणि त्यावर बरंच लिहिलं गेलंय. आमच्यातल्या एका पोराचा आलेख तसा निघाला. काका ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, तुझ्या गावात चार वर्षांची पोरं कोणी पळवली रे? ती सगळी घरं त्याला परत करावी लागली, सुपरवायझर बेन स्वतः बरोबर बसली. तो पोरगा वाईट नव्हता, त्याला आधीच्या महिन्याचा डीए मिळाला नव्हता आणि तो जेवणाचे पैसे उधार घेत होता, हे पण तितकंच खरं.

आता डीए. रोजचा भत्ता, ज्यात दोन वेळचं जेवण आणि वरखर्च. नियमाप्रमाणे ॲडव्हान्स मिळतो, मग वाउचर दिली की सेटलमेंट, मग पुढचा ॲडव्हान्स. पण गावातल्या चहावाल्याकडे कुठलं बिल? हाटातून घेतलेल्या केळ्यांचं? बिल नाही तर पैसे नाहीत, आणि पहिल्या ॲडव्हान्सचं सेटलमेंट नाही तर दुसरा नाही. आम्ही सगळे अकाउंट्सवाल्या बेनच्या नावाने बोटं मोडायचो. नंतर ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर बसायला लागले तेव्हा कळलं की तिची मान किती ठिकाणी अडकलेली असते. काही पैसा परदेशातून येतो, त्याचा कायदा म्हणजे एफसीआरए, २०२० मध्ये तो कडक झाला. पूर्वी त्या पैशातला ५० टक्क्यांपर्यंत ऑफिस-खर्चाला चालायचा, आता फक्त २० टक्के. पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एका ठराविक शाखेतच उतरला पाहिजे. आणि एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, पूर्वी मोठी संस्था घ्यायची आणि आमच्यासारख्यांना वाटून द्यायची, ते बंदच. ती म्हणाली, फिल्डवाल्यांचा पगार प्रोजेक्टच्या खर्चात बसतो म्हणून प्रोजेक्ट चालू तोवर तुम्ही आहात, पण दोन प्रोजेक्टच्या मधे कोणाला ठेवायचं म्हटलं की तो ऑफिसचा खर्च, आणि त्याला जागाच नाही. तरीपण माझं म्हणणं आहे की चहाच्या बिलासाठी पोरांना उपाशी ठेवायला कायदा सांगत नाही, ठराविक रक्कम रोजची म्हणून देऊन टाकता येते, बाकी काही ठिकाणी देतात. हे मी मॅडमना तोंडावर सांगितलंय.

होळीला आम्ही परत गेलो. भंगोरियाचे हाट भरलेले, ढोल, रस्त्यावर चालायला जागा नाही, आणि बंद घरांपैकी बरीचशी उघडली. माणसं नवीन कपड्यात, हातात चार महिन्यांचे पैसे, बोलायच्या मूडमध्ये अजिबात नाहीत आणि तरी बोलली, कारण सुपरवायझर बेन राठवीत काय सांगायची कोण जाणे, सगळ्या हसायच्या आणि बसा म्हणायच्या. त्या मुलांचे दंड मोजताना पट्टी लालवर जास्त वेळा येत होती हे आम्हाला तिथेच दिसत होतं, आकडा मी सांगणार नाही, तो माझा नाही.

मग ऑफिसात डेटा क्लीनिंगला मला ठेवून घेतलं, बाकीच्या पोरांचं कॉन्ट्रॅक्ट तिथेच संपलं. मोठ्या मॅडम रिपोर्ट लिहायच्या तेव्हा रात्री उशिरापर्यंत लाईट चालू असायचा. एक गोष्ट त्यांची मानली पाहिजे, एखादा आकडा विचित्र दिसला की आधी मला किंवा काकांना बोलवायच्या, हे असं कसं, तिथे काय होतं? मी म्हणायचे त्या फळियात अंगणवाडीच पलीकडच्या टेकडीवर आहे, पावसात कोतराला पाणी येतं मग मुलं कशी जाणार. ते वाक्य रिपोर्टात आलं. बंद घरांवर त्यांनी अख्खं प्रकरण लिहिलं होतं, होळीच्या आधीचे आकडे आणि नंतरचे शेजारी शेजारी मांडून. दिल्लीहून पानं कमी करा असं आल्यावर ते शेवटच्या परिशिष्टात गेलं आणि मुख्य भागात एक परिच्छेद राहिला. गांधीनगरला सादरीकरण झालं त्यात तो परिच्छेद वाचायला वेळ मिळाला नाही. आभाराच्या पानावर 'फिल्ड टीम' एवढं आहे, सल्लागारांची मात्र नावं आणि डिग्र्या. मी मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या पुढच्या वेळी घालू, आणि मला वाटतं घालतीलही.

पण माझी खरी तक्रार नावांची नाहीच. सुपरवायझर बेनचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ती आता तिच्या गावाजवळ आश्रमशाळेत लागली, पगार कमी पण दर महिन्याला मिळतो. ड्रायव्हर भाई हालोलला एका कंपनीच्या माणसांची ने-आण करतात. दिवाळी ते होळी कोण कुठे असतं, कुठलं फळियू कुठल्या बाजूने गाठायचं, हाट केव्हा, कोणाच्या घरी आधी बसायचं, हे यांच्या डोक्यात होतं आणि ते कुठल्याच फाईलमध्ये नाही. संस्था बावीस वर्षांच्या पोरांची नवीन बॅच घेईल, परत तेच ट्रेनिंग, वॉचमनचं मूल आता शाळेत जातं म्हणजे दुसरं कोणाचं तरी मूल. दर प्रोजेक्टला संस्था पुन्हा नवशिकी. टॅब चांगले घेतले, सॉफ्टवेअर चांगलं घेतलं, त्या सगळ्याला फंडिंगमध्ये कॉलम आहे, माणूस टिकवायला कॉलम नाही. काका तेवढे आहेत अजून, पण त्यांचे डोळे आता साथ देत नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलतायत.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला, नवा प्रोजेक्ट आहे, नर्मदा जिल्हा, तुम्ही सुपरवायझर म्हणून याल का. मी म्हटलं येते, पण मला त्या भागातलं काही माहिती नाही, आधी आपल्या बेनला विचारा, तिला पूर्ण वर्षाचा करार द्या, प्रोजेक्ट चार महिन्यांचा असला तरी. आणि डीए दर शनिवारी सगळ्यांच्या खात्यात, बिलाशिवाय. त्या म्हणाल्या दुसरं जमेल, पहिल्याचं फाउंडेशनशी बोलावं लागेल. बोलणं चालू आहे.